घट्ट विणीचं कौतुक आणि विणीच्या पुस्तकाचा दुष्काळ

मराठीत कादंबरीचं परीक्षण लिहायला बसलेल्या माणसाच्या हातून एक शब्द हमखास सुटतो : वीण. कथानकाची वीण घट्ट आहे, नात्यांची वीण उसवली आहे, शेवटच्या भागात वीण सैल पडते. दर दिवाळीनंतर हा शब्द शेकड्यांनी छापून येतो. माझा प्रश्न साधा आहे. ही वीण वापरणाऱ्या मंडळींपैकी कितीजणांनी विणीचं एखादं पुस्तक पाहिलंय? खरोखरची वीण, सुईवरची. दोन सुलट दोन उलट केल्यावर पट्टी का ताणली जाते आणि सगळं सुलट विणलं की कापडाच्या कडा का वळतात, हे सांगणारं पुस्तक.

पाहिलं नसेल तर दोष त्यांचा एकट्यांचा नाही. मराठीत असं पुस्तक शोधायला निघालात तर हाती लागतात त्या पातळ पुस्तिका. बाळाचे दहा स्वेटर, लोकरीची पंधरा तोरणं, असा मामला. त्या वाईट नसतात. पण त्या पाककृतींसारख्या असतात : एवढे टाके घाला, एवढ्या ओळी विणा, झाला स्वेटर. मी म्हणते आहे तो विणींचा कोश. शेकडो विणी, त्यांचे आलेख, त्यांचे गुणदोष, एका जागी. मराठी घरांत १९७० पासून कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ आहे, आणि तिला कुणी ‘हे काय पुस्तक आहे?’ असं विचारत नाही. विणकामाला अशी ‘रुचिरा’ मिळाली नाही. आणि मिळाली नाही याचं कुणाला फारसं वाटतही नाही, हे माझ्या रागाचं खरं कारण.

मी शहाद्याची. विणते, मुलींना शिकवते, थोडंफार विकते. ‘नंदुरबार’ म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला : तिकडे तर मे महिन्यात अंगाची लाही होते, तिथे लोकर कशाला? प्रश्न विचारणाऱ्यांना तापीकाठचा उन्हाळा माहीत असतो, सातपुड्यातला हिवाळा नसतो. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून १,००० मीटरहून अधिक उंचीवर आहे. अक्कलकुव्याच्या डाब भागात दवबिंदू गोठल्याच्या बातम्या थंडीच्या दिवसांत येतात, त्या हौसेने वाचल्या जातात, फोटो फॉरवर्ड होतात. त्या पांढऱ्या गवताशेजारच्या घरात तान्हं बाळ असतं, हे फोटोत दिसत नाही. कमी वजनाच्या बाळांच्या बाबतीत हा जिल्हा वर्षानुवर्षं चर्चेत आहे. अशा बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरून ठेवतात, त्या कांगारू पद्धतीतही बाळाच्या डोक्यावर टोपी असतेच, कारण एवढ्याशा जिवाची ऊब डोक्यावाटे फार लवकर जाते. म्हणजे आमच्याकडे टोपडं हा काही इन्स्टाग्रामवरचा छंद नाही.

आता त्या टोपड्यासाठी वीण निवडा. मोबाइल उघडा, सुंदर डिझाइनं दिसतील. बाळाच्या हातमोज्यांसाठी दोन रंगांची नक्षी दिसेल, समोरून देखणी. तिची मागची बाजू कुणी दाखवत नाही. दोन रंगांच्या विणीत न वापरलेला रंग मागून सुटा धावतो. त्या सुट्या धाग्यांत तान्ह्याची बोटं अडकतात. एखादा धागा बोटाभोवती गुंडाळला गेला तर त्या बोटाचा रक्तपुरवठा बंद पडू शकतो, आणि बाळ रडतंय का हे मोजा काढेपर्यंत कळत नाही. चांगला विणकोश असल्या विणीची मागची बाजूही छापतो, किंवा निदान मागे धागे किती लांब सुटतात ते सांगतो. मागची बाजू न दाखवणारं पुस्तक मी मुलींच्या हातात देत नाही. हा सौंदर्याचा मुद्दा नाही.

इथे तुमच्यापैकी अर्धेजण म्हणतील : यूट्यूब आहे ना. हो, आहे. मी त्याची शत्रू नाही. सुई कशी धरायची, दोरा बोटावरून कसा घ्यायचा, टाके बंद कसे करायचे, हे हाताचं काम पुस्तकातल्या स्थिर चित्रापेक्षा व्हिडिओत पटकन कळतं. पूर्वी ते आजी, मावशी, शेजारच्या काकू दाखवायच्या. आता अनोळखी ताई दाखवते. उत्तम. पण काकू आणि शब्दकोश यांची कामं वेगळी आहेत. काकू ‘कसं’ ते शिकवते. कोश ‘कोणतं’ ते ठरवायला मदत करतो. माझ्यासमोर ८० टाक्यांचं टोपडं आहे, सुती दोरा आहे, कडा वळता कामा नयेत, भोकं मोठी नकोत. यात बसणाऱ्या २० विणी शेजारीशेजारी ठेवून पाहायच्या आहेत. हे व्हिडिओत करून दाखवा. प्रत्येकीत आधी ‘नमस्कार मैत्रिणींनो’, मग सबस्क्राइब, मग सातव्या मिनिटाला कळणार की ही वीण १२ च्या पटीत आहे आणि आपल्याला चालणार नाही. आणि धडगाव-मोलगीच्या डोंगरात तो सातवा मिनिट यायला रेंज लागते.

दुसरंही एक होतं, ते जास्त वाईट. एकच व्हिडिओ गाजतो आणि त्या वर्षी सगळ्या बचतगटांच्या टेबलांवर तीच पर्स, तेच तोरण, तोच फुलाचा रुमाल. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे बघायला आलेली माणसं चार टेबलं बघतात, चारही सारखी, मग भाव पाडतात. वेगळेपण संपलं की हातात उरतो तो फक्त भाव. बायकांनी किती टाके विणले याला मग किंमत राहत नाही. कौशल्य प्रशिक्षणाच्या नावाने शिबिरं होतात, प्रमाणपत्रं वाटली जातात, फोटो निघतात. त्या शिबिरानंतर गटाकडे एक जाडजूड विणकोश राहिला, असं मी तरी पाहिलेलं नाही. शिकवणारी निघून गेली की शिकणं थांबतं.

मग पुस्तक घ्यायचं तर कोणतं?

इंग्रजीत या प्रकाराची आई म्हणजे बार्बरा वॉकर. अमेरिकेतली ही बाई १९६८ साली ‘अ ट्रेझरी ऑफ निटिंग पॅटर्न्स’ घेऊन आली. ५०० हून अधिक विणी, कृष्णधवल छायाचित्रं, आणि प्रत्येक विणीबद्दल चार ओळींचं मत : ही कशाला चांगली, हिला काय सोसत नाही. १९७० ला दुसरा खंड आला, १९७२ ला तिसरा. पहिले दोन खंड ओळीओळीने शब्दांत लिहिलेले आहेत, ‘के’ म्हणजे सुलट, ‘पी’ म्हणजे उलट. तिसऱ्यात ती चौकटींच्या आलेखाकडे वळली. याच बाईने पुढे मिथकांमधल्या स्त्रीप्रतिमांवर भलाथोरला कोश लिहिला. तो कोश गंभीर आणि विणींचा कोश हौशी, अशी वाटणी आपण करतो. बाईने केली नव्हती.

दुसरं टोक जपानचं. हितोमी शिदा यांच्या विणींचं पुस्तक २०१७ मध्ये इंग्रजीत आलं आणि जगभरच्या विणणाऱ्या वेड्या झाल्या. पण त्याच्या कितीतरी आधीपासून जपानी न येणाऱ्या बायका जपानी पुस्तकं विकत घेत आणि बिनबोभाट विणत. कसं? कारण जपानमध्ये विणकामाच्या खुणा राष्ट्रीय औद्योगिक मानकात ठरवून दिलेल्या आहेत. स्क्रू आणि नटाला मानक असतं तसं टाक्याला मानक. एकदा खुणा कळल्या की कुठल्याही प्रकाशकाचं पुस्तक उघडा, भाषा आडवी येत नाही.

ही गोष्ट नंदुरबारातून पाहिली की तिचं मोल कळतं. २०११ च्या जनगणनेत साक्षरतेत हा जिल्हा राज्यात शेवटचा होता, सुमारे ६४ टक्के. माझ्याकडे येणारी मुलगी घरी पावरी किंवा भिली बोलते, बाजारात अहिराणी ऐकते, शाळेत मराठी वाचते, आणि तिला विणीचं चांगलं पुस्तक हवं असेल तर ते मिळणार इंग्रजीत, तेही संक्षेपांच्या इंग्रजीत. लोक म्हणतात, जिथे साक्षरतेचीच बोंब आहे तिथे विणकामाची पुस्तकं कशाला? मी उलटं म्हणते : जिथे अक्षरं कमी आहेत तिथे आलेखाचं पुस्तक सगळ्यात आधी पोचलं पाहिजे. आणि आलेख वाचणं आम्हाला नवं नाही. ठिपक्यांच्या रांगोळीच्या पुस्तिका आठवा. ११ ठिपके, ११ ओळी, त्यातून कमळ. चौथी नापास बाई ती पुस्तिका पाहून अंगणभर रांगोळी चुकल्याशिवाय काढते. विणीचा आलेख तेच करतो. खालून वर वाचायचा. सरळ बाजूची ओळ उजवीकडून डावीकडे, उलट बाजूची डावीकडून उजवीकडे. ज्या मुलींना मी आलेख शिकवला त्यांना आठवड्यात जमला. ज्यांना मी ‘के२, पी२’ शिकवायला गेले त्यांना आधी एबीसीडीचं भय घालवावं लागलं.

तेव्हा माझी पहिली कसोटी हीच. आलेख नसेल तर पुस्तक ठेवा परत. आलेख असेल तर खुणांचा तक्ता जवळ आहे का बघा. दर वेळी पान २१४ वर जाऊन ‘तिरकी रेघ म्हणजे काय’ शोधायला लावणाऱ्या पुस्तकाने विणणारीचा विचार केलेला नसतो.

दुसरी कसोटी, टाक्यांची पट. वीण किती टाक्यांत पुन्हा सुरू होते आणि कडेला किती जास्त लागतात, हे आकडे विणीच्या नावाशेजारी हवेत. ६ ची पट अधिक २ असेल तर ८० टाक्यांत ती बसते : तेरा सक ७८ आणि २. तीच टोपी गोल विणायची तर ते वरचे २ गळतात, कारण गोलाला कड नसते. मग ७८ घ्या नाहीतर ८४. बरीच देखणी पुस्तकं हे सांगतच नाहीत. ती बघायची पुस्तकं आहेत.

तिसरी, छायाचित्र. फिक्या रंगाच्या, साध्या, एकरंगी दोऱ्याचा चौकोन, सपाट पसरलेला, टाके मोजता येतील असा. मॉडेल कॉफीचा मग धरून खिडकीतून बाहेर बघत असेल आणि स्वेटर काळा असेल, तर ते पुस्तक कॉफीवर आहे.

चौथी कसोटी आमच्या हवेची. जगातले बहुतेक विणकोश मेंढीच्या लोकरीवर विणून पाहिलेले असतात. ती लोकर ताणली की पुन्हा जागेवर येते. आमच्या दुकानात ‘लोकर’ म्हणून जे मिळतं ते बहुतेक ॲक्रिलिक. उबदार आहे, स्वस्त आहे, धुवायला सोपं आहे. पण ठिणगी पडली की वितळून कातडीला चिकटतं. ज्या घरात चूल आणि शेकोटी आहे त्या घरातल्या बाळासाठी हे लक्षात ठेवावं लागतं. राहिला सुती दोरा. नंदुरबार-शहाद्याच्या शेतांत कापूस पिकतो आणि आमच्या विणकामाच्या टोपलीत सुताची गुंडी सापडत नाही, हा विनोद वेगळाच. सुताला लवचीकपणा नाही. त्याच्यावर दोन सुलट दोन उलटची पट्टी काही धुण्यांत सैल पडते. वेणीची वीण सुतात जड आणि कडक होते, वर ती कापड आत ओढते, त्यामुळे टाके जास्त घालावे लागतात. जाळी मात्र सुतात सुरेख उठते, आणि साबुदाण्यासारखी दाणेदार वीण सपाट राहते, कडा वळत नाहीत. कोणत्या विणीने किती दोरा खाल्ला, कापड किती आखडलं, कड वळली का, हे सांगणारं पुस्तक मला हवं. केवळ नावं ‘चांदणं’ आणि ‘लाट’ ठेवून भागत नाही.

पाचवी, मापं. सुईचा आकार मिलिमीटरमध्ये दिलेला आहे का? आपल्या दुकानांत अजून जुने ब्रिटिश नंबर चालतात आणि त्यांत नंबर वाढला की सुई बारीक होते. १० नंबरची सुई मागा, सव्वातीन मिलिमीटर मिळेल. अमेरिकन पुस्तकातला १० नंबर म्हणजे ६ मिलिमीटर. एकाच आकड्यात जवळजवळ दुप्पट फरक. पुस्तक नंबरावर थांबत असेल तर मुलगी प्रामाणिकपणे विणेल आणि टोपी बाळाऐवजी भोपळ्याला बसेल.

क्रोशाच्या बाबतीत तर आपली भाषा इंग्रजीपेक्षा शहाणी आहे. ब्रिटिश ज्याला ‘डबल’ म्हणतात त्याला अमेरिकन ‘सिंगल’ म्हणतात, आणि ब्रिटिशांचा ‘ट्रेबल’ अमेरिकेत ‘डबल’ होतो. पुस्तक कुठलं आहे हे कळेपर्यंत रुमालाचं वाटोळं. आपल्याकडे साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब. दिसतो तसा शब्द. मुका खांब म्हणजे मुका खांब, शहाद्यात काय आणि सोलापुरात काय. हे शब्द कुणा भाषातज्ज्ञ समितीने घडवले नाहीत, ओसरीवर बसलेल्या बायकांनी घडवले. आणि आता ते त्यांच्याबरोबरच चालले आहेत. माझ्या विशीतल्या विद्यार्थिनी ‘एससी’ आणि ‘डीसी’ म्हणतात. त्यांना दोष देत नाही. त्यांनी मुका खांब छापलेला कधी पाहिलेलाच नाही. मराठी भाषा वाचवण्याच्या सभांत टाळ्या पडतात त्या ज्ञानेश्वरांच्या नावावर. मुक्या खांबासाठी कोण बोलणार?

मी एका वाचनालयात विणकोश मागायला गेले होते. गाव सांगत नाही. तिथल्या भल्या गृहस्थांनी मला समजावलं की वाचनालयात पुस्तकं ठेवतात, छंदाच्या गोष्टी नाहीत. मागच्या कपाटात स्पर्धापरीक्षांचे गठ्ठे होते, शेजारी ‘यशस्वी कसे व्हाल’ची रांग. एका ओळीत सांगायचं तर, मुलाने तलाठी व्हायची पुस्तकं म्हणजे ज्ञान, मुलीने विणून कमवायची पुस्तकं म्हणजे छंद. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. अ, ब, क, ड वर्गांनुसार ग्रंथालयांना अनुदान मिळतं. ते अनुदान माझ्या मुलींच्याही आयांच्या करातून येतं; माचिसच्या पेटीवरही कर आहेच. त्या पैशातून एक विणकोश घेणं ही कुणावर मेहेरबानी नाही.

परदेशी विणकोश महाग असतात, हे मला कुणी सांगायला नको. एका स्वेटरच्या लोकरीपेक्षा पुस्तक महाग पडतं. म्हणूनच ते घराघरात नको, वाचनालयात हवं. टेलिग्रामवर पीडीएफ मिळते हेही माहीत आहे. सहा इंचांच्या पडद्यावर ४० चौकटींचा आलेख वाचून बघा. बोटांनी मोठा केला की ओळ हरवते, लहान केला की खूण हरवते, मध्येच फोन येतो. दोन्ही हात सुईत गुंतलेले असताना उघडं राहणारं पान लागतं. म्हणून सहावी कसोटी बांधणीची : टेबलावर ठेवलं तर पुस्तक उताणं राहिलं पाहिजे.

आता प्रकाशकांकडे वळते. तुम्ही म्हणाल, खपणार नाही. रांगोळीच्या पुस्तिका खपतात, मेंदीच्या खपतात, पाककृतींच्या तर विचारू नका. यांपैकी एकीलाही समीक्षकाने हात लावला नाही, तरी खपतात. मराठी विणकोशाला लेखकही शोधावा लागणार नाही. प्रत्येक तालुक्यात अशा बायका आहेत ज्यांच्या ट्रंकेत नमुन्यांचे चौकोन आहेत : हातभर लांबीची पट्टी, तिच्यावर एकाखाली एक तीस विणी, प्रत्येकीला त्यांनी ठेवलेलं नाव. १९६२ च्या युद्धात देशभरच्या बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणले, त्या पिढीच्या हातच्या विणी अजून काही ट्रंकांत आहेत. त्या पट्ट्या एकेक करून पायपुसणी होत आहेत. एक आलेख काढणारी, एक छायाचित्र काढणारा, एक संपादक आणि दोन वर्षं. एवढंच काम आहे. त्यात खुणा जपानी मानकाच्या घ्या, नावं मराठी ठेवा, मापं मिलिमीटरमध्ये द्या, आणि निम्मे नमुने सुतावर विणून दाखवा. मग ते पुस्तक धडगावातही चालेल आणि नागपुरातही.

तोवर तुम्ही काय कराल? तुमच्या वाचनालयात मागणीची वही असते. तिच्यात आपलं नाव, तारीख आणि ‘विणींचा कोश, आलेखांसह’ एवढं लिहून या. एकीने लिहिलं तर वेडी म्हणतील, दहाजणींनी लिहिलं तर समितीपुढे ठेवावं लागेल. विणत नसाल तरी लिहा. मुलगे असाल तर जरूर लिहा, वहीतल्या त्या ओळीकडे जरा जास्त लक्ष जाईल. आणि घरातल्या ट्रंकेत विणीची पट्टी सापडली तर तिचे दोन फोटो काढा, एक पुढून आणि एक मागून. ज्या आजीने ती विणली तिला प्रत्येक विणीचं नाव विचारा आणि लिहून ठेवा. हे काम मात्र थंडी संपायच्या आत करा. आजी आहे तोवर नाव आहे.